बळीचा बकरा नेमका कोणता?

दुसऱ्याचं खापर ज्याच्या डोक्यावर फुटतं त्याला आपण 'बळीचा बकरा' म्हणतो. बायबलमधला पापक्षमेचा सर्वांत मोठा विधी वाचताना हा शब्द आडवा येतो, कारण तिथे बकरे दोन आहेत. एकाला कापतात, पण त्याच्यावर कुणी पाप ठेवत नाही. दुसऱ्याच्या डोक्यावर अख्ख्या लोकांचं पाप ठेवतात, पण त्याला कापत नाहीत. जिवंत रानात सोडून देतात. आपल्या बोलण्यात हे दोघे एक झाले आहेत, आणि ख्रिस्ती प्रवचनांतही बरेचदा तसंच होतं. दोघांना वेगळं ठेवलं की पापक्षमेबद्दलचे बरेच गैरसमज सुटतात, म्हणून सुरुवात इथूनच.

हा विधी लेवीय पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात आहे. दिवस सातव्या महिन्याचा दहावा. यहुदी महिना चांद्र असल्याने आपल्या हिशेबाने भाद्रपद किंवा आश्विन शुद्ध दशमीच्या आसपासचा. अध्यायाची सुरुवातच एका अपघाताची आठवण देऊन होते: पहिला प्रमुख याजक अहरोन याचे दोन मुलगे, नादाब आणि अबीहू, विधीत नसलेला अग्नी धूपाटण्यात घेऊन देवासमोर गेले आणि जागीच मेले. म्हणून पुढच्या सगळ्या सूचना इतक्या बारीक आहेत. प्रमुख याजकाने वाटेल तेव्हा अंतरपटाच्या आत, म्हणजे पवित्रस्थानाच्या सर्वांत आतल्या खोलीत, जायचं नाही. वर्षातून एकाच दिवशी जायचं, तेही अंघोळ करून, सोन्याची आणि रत्नांची वस्त्रं उतरवून, लिननची साधी वस्त्रं घालून. अंगरखा, चोळणा, कमरबंद, फेटा, एवढंच.

मग क्रम असा. आधी त्याचा स्वतःचा गोऱ्हा, कारण याजक स्वतः पापी आहे आणि त्याचं आधी निस्तरल्याशिवाय तो दुसऱ्यांसाठी उभा राहू शकत नाही. वेदीवरचे निखारे धूपाटण्यात भरून आणि बारीक कुटलेला धूप दोन्ही ओंजळी भरून घेऊन तो आत जातो. धूप निखाऱ्यांवर टाकला की धुराचा ढग दयासनाला, म्हणजे तिथल्या पवित्र कोशाच्या सोन्याच्या झाकणाला, झाकतो. हा धूर सुवासासाठी नाही. तो आडोसा आहे, 'नाहीतर तो मरेल' असं मजकुरातच म्हटलं आहे. मग गोऱ्ह्याचं रक्त बोटाने दयासनाच्या पूर्वेकडच्या बाजूवर एकदा आणि दयासनासमोर सात वेळा शिंपडायचं. मग दोन बकऱ्यांपैकी ज्याच्यावर 'परमेश्वरासाठी' अशी चिठ्ठी निघाली त्याला कापून त्याच्या रक्ताचं तेच. मग बाहेर येऊन वेदीच्या चारही शिंगांना, म्हणजे कोपऱ्यांवरच्या टोकांना, दोन्ही रक्तं लावायची आणि पुन्हा सात वेळा शिंपडायचं.

यरुशलेमच्या मंदिरात हे प्रत्यक्ष कसं चाले त्याचे तपशील मिश्नामध्ये, म्हणजे इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेल्या यहुदी परंपरेच्या ग्रंथात, 'योमा' या प्रकरणात मिळतात. दोन्ही बकरे दिसायला, उंचीला, किमतीला सारखे आणि शक्यतो एकाच वेळी विकत घेतलेले असावेत. गोऱ्हा कापल्यावर रक्ताचं भांडं एका माणसाच्या हातात देत आणि तो ते सतत ढवळत राही. याजक धूप घेऊन आत जाऊन परत येईपर्यंत रक्त साकळलं तर शिंपडता येणार नाही, इतकं साधं कारण. शिंपडताना मोजणी मोठ्याने: 'एक, एक आणि एक, एक आणि दोन' असं करत 'एक आणि सात'पर्यंत. वरचा एक प्रत्येक वेळी पुन्हा मोजायचा, म्हणजे हिशेब चुकत नाही. मध्येच रक्त सांडलं तर दुसरं जनावर कापून त्या टप्प्याचं शिंपडणं पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी प्रमुख याजकाची पाच स्नानं आणि दहा वेळा हातपाय धुणं होई.

आता दुसरा बकरा. पवित्रस्थान आणि वेदी यांची शुद्धी पूर्ण झाल्यावरच त्याला पुढे आणतात. याजक दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवतो आणि इस्राएलाची सगळी दुष्कर्मं, सगळे अपराध, सगळी पापं तोंडाने कबूल करतो. नेमलेला माणूस त्याला ओसाड रानात नेऊन सोडतो. हा बकरा 'अजाजेलासाठी' आहे. या शब्दाचा अर्थ रानातला दुष्टात्मा, निघून जाणारा बकरा, की एखादं कड्याचं ठिकाण, यावर जाणकारांचं एकमत नाही. काम मात्र स्पष्ट आहे: पाप उचलून नेणं. सोडून आलेल्या माणसानेही कपडे धुऊन, अंघोळ करूनच छावणीत परतायचं.

म्हणजे पहिल्या बकऱ्याचं रक्त धुतं, दुसरा बकरा वाहून नेतो. पहिलं काय धुतं, हे लेवीय 16:16 मध्ये सरळ लिहिलं आहे: पवित्रस्थान. माणसांच्या अंगावर त्या दिवशी रक्ताचा थेंबही पडत नाही. जेकब मिलग्रम या यहुदी अभ्यासकाने विसाव्या शतकात हा मुद्दा फार ताकदीने मांडला. पाप केल्यावर त्याचा डाग दूरवर, देवाच्या निवासावर पडतो आणि साचत जातो. न धुता राहिला तर देव त्या घरात राहणार नाही. ही कल्पना एकदा नीट बसली की 'देवाला रक्त कशाला हवं?' या प्रश्नाचं रूपच बदलतं. लेवीय 17:11 मध्ये परमेश्वर म्हणतो की शरीराचं जीवन रक्तात असतं आणि वेदीवर प्रायश्चित्त करायला ते मी तुम्हांला दिलं आहे. देणारा तो आहे. रक्त देवाची तहान भागवायला चढत नाही. लोकांना सांभाळून घ्यायला ते देवाकडून येतं.

इथे 'प्रायश्चित्त' या शब्दापाशी थांबायला हवं, कारण मराठी वाचक बरेचदा इथेच घसरतो. आपण रोजच्या बोलण्यात 'प्रायश्चित्त घेतो' किंवा 'भोगतो'. ज्याने चूक केली त्यानेच उपास, व्रत, दंड, तीर्थयात्रा असं काही करून ती फेडायची, हा अर्थ शब्दासोबत आपसूक येतो. मराठी बायबलमध्ये हाच शब्द आहे, पण वाक्याची ठेवण वेगळी: 'याजकाने त्याच्यासाठी प्रायश्चित्त करावे, म्हणजे त्याला क्षमा होईल.' करणारा एक, क्षमा होणारा दुसरा. आणि 'क्षमा होईल' यात क्षमा करणाऱ्याचं नाव नाही, कारण याजक क्षमा करत नाही. तो विधी करतो, क्षमा परमेश्वर करतो. मूळ हिब्रू क्रियापद 'कापर'. त्यात पुसून काढणं, झाकणं आणि खंडणी भरून सोडवणं अशा छटा मानल्या जातात. 'योम किप्पुर', म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, हे या दिवसाचं नावही त्याच धातूचं. बायबल शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी 'प्रायश्चित्त घेणे' आणि 'प्रायश्चित्त करणे' यातला फरक फळ्यावर लिहावा, असं मला मनापासून वाटतं.

वर्षातला हा एक दिवस सोडून एरवी काय होई? त्यासाठी लेवीयाचे पहिले सात अध्याय आहेत. होमबली, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापबली, दोषबली असे पाच प्रकार. सगळे पापासाठी नाहीत. आपल्याकडचा नवस ज्याच्या जवळ जातो ते शांत्यर्पण: फेडायचा नवस, उपकारस्तुती, खुशीचं अर्पण. त्यातलं मांस अर्पण करणारा घरच्यांसोबत खातो. पापबली आणि नवस यांची गल्लत करू नये. पापबलीत देवाशी कोणताही सौदा नसतो, आणि आणणाऱ्याला त्यातला घासही मिळत नाही.

पापबलीची पायरी माणसाच्या हुद्द्यावर ठरते. अभिषिक्त याजकाकडून चूक झाली तर गोऱ्हा. सगळ्या मंडळीकडून झाली तरी गोऱ्हाच. सरदाराकडून झाली तर बकरा. साध्या माणसाकडून झाली तर बकरी किंवा मेंढी, मादी. रक्त किती आत जातं तेही त्यावरच: याजकाच्या किंवा सगळ्या मंडळीच्या पापासाठी ते अंतरपटासमोर सात वेळा शिंपडून धूपवेदीच्या शिंगांना लावतात, सरदाराच्या किंवा साध्या माणसाच्या पापासाठी बाहेर अंगणातल्या होमवेदीच्या शिंगांनाच. याजकाच्या पापाचा डाग जास्त खोल जातो, हे इथे उपदेश म्हणून सांगितलेलं नाही. रक्त कुठपर्यंत न्यायचं त्यावरून ते दिसतं.

ऐपत नसेल तर? दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं. एक पापबली, एक होमबली. तेवढीही ऐपत नसेल तर एफाचा दहावा भाग सपीठ, आजच्या मापात साधारण दोन लिटर. त्यात तेल घालायचं नाही, ऊद ठेवायचा नाही, कारण ते अन्नार्पण नसून पापबली आहे. याजक त्यातलं मूठभर वेदीवर जाळतो आणि वाक्य तेच: त्याला क्षमा होईल. बिनरक्ताच्या सपिठावर क्षमा! 'रक्त ओतल्यावाचून क्षमा नाही' हे इब्री लोकांस पत्रातलं वचन (9:22) प्रवचनात नेहमी येतं, पण त्याच वचनाच्या पहिल्या अर्ध्यात 'बहुतेक सर्व काही' असा शब्द आहे. पत्रकर्त्याला लेवीय पाठ होतं. ते सपीठ लक्षात ठेवूनच त्याने 'बहुतेक' लिहिलं असावं, असं मला वाटतं. गरिबासाठी देवाने ठेवलेली ही फट बुजवू नये.

प्रत्यक्ष कृती अशी: माणूस जनावर स्वतः आणतो. दोषहीन हवं, लंगडं, आंधळं, खरजेचं चालत नाही. त्याच्या डोक्यावर एक हात ठेवतो. कापतोही तोच, याजक नाही. याजकाचं काम रक्तापासून सुरू होतं. चरबी, दोन्ही गुरदे आणि काळजावरचा पडदा वेदीवर जळतो, उरलेलं रक्त वेदीच्या पायथ्याशी ओततात. मांस याजकाने पवित्र जागी, अंगणातच खायचं. ते 'परमपवित्र' असतं. आणि इथे तो फार जवळून दाखवणारा तपशील येतो (लेवीय 6:28): ते मांस मातीच्या मडक्यात शिजवलं असेल तर मडकं फोडून टाकायचं, पितळी भांडं असेल तर घासून, पाण्याने विसळून पुन्हा वापरायचं. मातीचं भांडं रस पितं, धातूचं पीत नाही. मडक्यात मटण शिजवलेल्या कुणालाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

या मडक्यावरून एक जुना गैरसमज सुटतो. पुष्कळदा सांगितलं जातं की हात ठेवला की पाप जनावरात उतरतं आणि जनावर पापी होऊन मरतं. तसं असतं तर ते मांस याजकाने पवित्र जागी खाल्लं असतं का? ते तर अशुद्ध ठरलं असतं. एका हाताचा अर्थ बहुधा 'हे माझं, माझ्या वतीने' एवढाच आहे. पाप ठेवणं दोन्ही हातांनी आणि तोंडाने कबुली देऊन होतं, आणि तो बकरा वेदीजवळ जात नाही, रानात जातो.

मग एवढ्या व्यवस्थेत कशालाही माफी होती का? नाही, आणि हा भाग कमी वाचला जातो. पापबली 'चुकून', नकळत घडलेल्या पापासाठी आहे. गणना 15:30 मध्ये 'हात उगारून', म्हणजे जाणूनबुजून, देवाला आव्हान देत केलेल्या पापासाठी कुठलंच अर्पण सांगितलेलं नाही. तो माणूस लोकांतून छाटला जावा. म्हणून दावीद राजाने बथशेबेशी व्यभिचार करून तिच्या नवऱ्याला, उरियाला, मारवल्यावर 51 व्या स्तोत्रात म्हटलं आहे की तुला यज्ञ आवडत नाहीत, नाहीतर मी ते दिले असते. भग्न झालेलं मन हाच यज्ञ. ही काव्यातली नम्रता आहेच, पण त्याआधी ती कायद्याची वस्तुस्थिती आहे. त्याच्या गुन्ह्यासाठी आणता येईल असं एकही जनावर नियमशास्त्रात नव्हतं. नाथान संदेष्ट्याने त्याला क्षमा कळवली ती थेट, वेदीशिवाय. तरी घरावर आलेले परिणाम टळले नाहीत.

आता दोषबली. मला विचाराल तर पापक्षमेचा सगळ्यात शहाणा धडा इथे आहे, आणि नेमका तोच वगळला जातो. लेवीय 6:1 ते 7 आणि गणना 5:5 ते 8 सोबत वाचावेत. कुणी शेजाऱ्याची ठेव नाकारली, चोरी केली, लुबाडलं, सापडलेली वस्तू दडवली आणि वर खोटी शपथ घेतली. पुढे मन खाऊ लागलं. त्याने काय करायचं? पाप कबूल करायचं. घेतलेलं पूर्ण परत करायचं. त्यावर पाचवा हिस्सा जास्त द्यायचा. हे ज्याचं त्याला द्यायचं, दोषबली आणण्याच्या दिवशीच. आणि मग कळपातला दोषहीन मेंढा याजकाकडे न्यायचा. दहा हजारांची फसवणूक असेल तर बारा हजार घरी पोचवून मगच मेंढ्याची दोरी धरायची. मिश्नामध्ये हा क्रम पक्का करून ठेवला आहे: परतफेडीआधी आणलेला मेंढा जमेस धरत नाहीत.

पाचवा हिस्साच का, हे निर्गम 22 शेजारी ठेवलं की कळतं. चोर पकडला गेला आणि जनावर जिवंत सापडलं तर दुप्पट. मेंढरू कापलं किंवा विकलं असेल तर चौपट, बैल असेल तर पाचपट. स्वतःहून पुढे येणाऱ्याला मात्र वीस टक्केच. पश्चात्तापाची वाट मुद्दाम स्वस्त ठेवली आहे, पण फुकट नाही. देणं घ्यायला मूळ माणूस हयात नसेल तर त्याच्या जवळच्या नातलगाला द्यायचं. नातलगही नसेल तर याजकाकडे. 'आता ते राहिलेच नाहीत, कुणाला देणार?' ही सबब कायद्यानेच काढून घेतली आहे.

संदेष्टे जेव्हा यज्ञांवर तुटून पडतात (यशयाचा पहिला अध्याय, आमोसाचा पाचवा, मीखाचा सहावा) तेव्हा त्यांचा राग वेदीवर नसतो. मेंढा आला आणि बारा हजार आले नाहीत, यावर असतो.

हे सगळं डोळ्यांपुढे ठेवून येशूच्या मरणाकडे यावं. यशया 53 मध्ये दुःख सोसणाऱ्या सेवकाबद्दल म्हटलं आहे की त्याचा जीव अर्पण होईल. तिथला हिब्रू शब्द 'आशाम' आहे, म्हणजे दोषबली. पाच प्रकारांतला भरपाईशी जोडलेला तो एक शब्द. ख्रिस्ती मंडळीने हा अध्याय येशूवर वाचला तेव्हा धुण्यासोबत भरपाईही त्यात आली: माणसाने देवाचं जे लुबाडलं ते परत भरणारा कुणीतरी. रोम 3:25 मध्ये प्रेषित पौल येशूसाठी 'हिलास्तेरियोन' हा ग्रीक शब्द वापरतो. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात दयासनाला, त्या अडीच हात लांब, दीड हात रुंद सोन्याच्या झाकणाला, हाच शब्द आहे. आणि वाक्याचा कर्ता देव आहे: देवानेच त्याला पुढे ठेवलं. 'रागावलेला बाप, आणि मार खायला मध्ये आलेला मुलगा' हे चित्र या वचनाशी जुळत नाही. लेवीय 17:11 मधला देणारा इथेही तोच देणारा आहे.

इब्री लोकांस पत्र प्रायश्चित्ताच्या दिवसाची एकेक वस्तू घेऊन येशूशी ताडून पाहतं. प्रमुख याजक दरवर्षी जाई, ख्रिस्त एकदाच गेला. याजक आधी स्वतःसाठी गोऱ्हा नेई, याला ती गरज नव्हती. जनावरांचे अवशेष छावणीबाहेर जाळत, येशूही वेशीबाहेर मेला (13:11, 12). बैलाचं आणि बकऱ्याचं रक्त पाप काढून टाकू शकत नाही (10:4). ती दरसालची आठवण होती. आणि एक लहानसा तपशील, जो मला सगळ्यात बोलका वाटतो: याजक रोज 'उभा राहून' सेवा करतो, हा मात्र एकच यज्ञ अर्पून 'बसला' (10:11, 12). निवासमंडपातल्या, म्हणजे मंदिराआधीच्या पवित्र तंबूतल्या, वस्तूंची यादी निर्गमात आहे. मेज, समई, धूपवेदी, कोश, गंगाळ. याजकाला बसायला आसन त्यात कुठेच नाही. त्याचं काम संपत नसे, म्हणून तो बसत नसे.

दोन बकऱ्यांची कामं एकाच माणसात आली, असं जुन्या मंडळीपासून वाचलं गेलं. रक्त आत नेणारा तो, आणि 'जगाचं पाप हरण करणारा', म्हणजे उचलून नेणारा, तोही तोच. योहान 1:29 मध्ये शब्द मात्र बकऱ्याचा नाही, 'कोकरा' आहे. त्यात वल्हांडणाचं कोकरू आहे, जे मुळात पापबली नव्हतंच. ते मिसरच्या गुलामीतून सुटकेच्या रात्रीचं, दाराच्या चौकटीला एजोब नावाच्या झुडपाच्या जुडीने रक्त लावायचं कोकरू होतं. नवा करार या प्रतिमा मुद्दाम एकमेकांत गुंफतो. गुंफण समजायला आधी धागे वेगळे माहीत हवेत.

हे मरण नेमकं कसं काम करतं, यावर ख्रिस्ती लोकांत कधीच एक सूत्र झालं नाही. सुरुवातीच्या शतकांत खंडणी आणि सैतानावरचा जय हे चित्र पुढे होतं. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीच्या अँसेल्मने देवाच्या सन्मानाची भरपाई मांडली. सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट सुधारकांनी आपल्या जागी सोसलेली शिक्षा. नायसीयाच्या मतांगिकारात, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाच्या जुन्या सारांशात, फक्त 'आमच्यासाठी' आणि 'आमच्या तारणासाठी' एवढंच आहे. एकच सूत्र खरं आणि बाकी सारी पाखंडं, असं सांगणाऱ्यापासून जरा जपून राहावं.

आणखी एक गोष्ट प्रवचनांतून काढून टाकावी. प्रमुख याजकाच्या पायाला दोर बांधत आणि तो आत मेला तर ओढून काढत, हे सर्रास सांगितलं जातं. बायबलमध्ये ते नाही, मिश्नामध्येही नाही. ते मध्ययुगीन यहुदी लिखाणातून आलं आहे. रक्त ढवळणारा माणूस खरा आहे आणि दोराहून कितीतरी जास्त सांगणारा आहे. गोष्ट सांगायचीच तर त्याची सांगावी.

इसवी सन 70 मध्ये रोमन सैन्याने मंदिर पाडलं आणि वेदीच राहिली नाही. मग आज माणसाने काय करायचं? कॅथलिक परंपरेत क्रम ठरलेला आहे, आणि तो दोषबलीच्या क्रमासारखा दिसतो हे ध्यानात घेण्याजोगं आहे. आधी सदसद्विवेकाची तपासणी: मोघम 'मी पापी आहे' नको, आज्ञा एकेक घेऊन काय केलं ते शोधायचं. मग खरा खेद आणि पुन्हा न करण्याचा निश्चय. मग धर्मगुरूपुढे कबुली, जिला गोव्याच्या कोकणीत कुमसार म्हणतात. गंभीर पापाचा प्रकार आणि संख्या दोन्ही सांगायची; 'खोटं बोललो' आणि 'व्यवहारात चार वेळा खोटी कागदपत्रं दिली' यात फरक आहे. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेपासून वर्षातून एकदा तरी कबुली बंधनकारक आहे. धर्मगुरूने ऐकलेलं कुणालाही सांगायचं नाही, कोर्टातही नाही. मग पापमुक्तीचे शब्द, आणि सांगितलेली प्रार्थना किंवा कृती पुरी करणं.

यात चुकतं कुठे? पापमुक्तीचे शब्द ऐकले की हिशेब संपला असं वाटतं. कॅथलिक धर्मशिक्षण (परिच्छेद 1459) स्पष्ट म्हणतं की पापमुक्तीने पाप जातं, पण पापाने केलेली मोडतोड त्याने दुरुस्त होत नाही. चोरलेलं परत करायचं, ज्याची बदनामी केली त्याचं नाव पुन्हा उजळायचं, झालेली इजा भरून द्यायची. परत करताना आपलं नाव उघड करायलाच हवं असं नाही; पाकीट पोचलं पाहिजे. बदनामीची भरपाई सर्वांत अवघड, कारण जितक्या कानांत गेलं तितक्या कानांत जाऊन ते खोडावं लागतं.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत कबुली बहुतेक एकत्र, उपासनेत होते, आणि प्रभुभोजनाआधी स्वतःची परीक्षा. क्षमेचा आधार 1 योहान 1:9. इथली उणीव वेगळी: सर्वांनी मिळून मोठ्याने म्हटलेल्या कबुलीत आपलं स्वतःचं पाप हळूच लपून जातं. लेवीय 5:5 मध्ये 'आपण अमुक बाबतीत पाप केलं' असं नाव घेऊन कबूल करायला सांगितलं आहे. घरी कागदावर नावं आणि रकमा लिहिल्याशिवाय ते अमुक कधी पुढे येत नाही.

येशूने दोषबलीची शिस्त सैल केली नाही. मत्तय 5:23, 24 मध्ये माणूस अर्पण घेऊन वेदीपाशी पोचला आहे आणि तिथे त्याला आठवतं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे. अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. ऐकणारे गालीलातले होते. वेदी यरुशलेमात, तीनेक दिवसांच्या पायी वाटेवर. जक्कय जकातदाराने फसवणुकीबद्दल चौपट द्यायचं कबूल केलं, म्हणजे वीस टक्क्यांची स्वस्त वाट सोडून त्याने स्वतःला पकडल्या गेलेल्या मेंढीचोराचा दर लावला.

आणि क्षमा करणाऱ्याची बाजू? मत्तय 18 मधल्या दाखल्यातले आकडे मांडून पाहावेत. चाकराला दहा हजार तालांतांची माफी झाली. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार, एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवस. सहा कोटी दिवसांची मजुरी. त्याच्या सोबत्याकडून येणं होतं शंभर दिनार, तीनेक महिन्यांची मजुरी. ही रक्कम लहान नाही. कुणाचंही घर तीन महिने त्यावर चाललं असतं. दाखला दुखावलेल्याला 'तुझं काहीच गेलं नाही' असं म्हणत नाही. सहा लाख पट मोठं देणं शेजारी ठेवतो, बस. मात्र क्षमा करणं म्हणजे मारणाऱ्याच्या घरात परत जाणं किंवा पोलिसांत न जाणं, असा अर्थ कुणी काढत असेल तर तो चुकीचा आहे. लूक 17:3 मध्ये आधी 'त्याला दटाव' आहे, मग 'पश्चात्ताप केला तर'.

भरपाई आणि क्षमा एकत्र कशा नांदतात, हे नव्या करारात एका खासगी पत्रात दिसतं. अनेसिम नावाचा गुलाम मालक फिलेमोनापासून दुरावून तुरुंगातल्या पौलाकडे आला आणि विश्वासी झाला. पौल त्याला परत पाठवतो, हातात पत्र देऊन. सगळं मिळून 25 वचनं. पौल पत्रं सहसा दुसऱ्याकडून लिहवून घेई. इथे 18 व्या वचनात तो म्हणतो की याने तुझं काही नुकसान केलं असेल किंवा तो काही देणं लागत असेल तर ते माझ्या नावावर मांड. 'हिशेबी मांडणे' हे ते ग्रीक क्रियापद नव्या करारात दोनच ठिकाणी आहे. दुसरं रोम 5:13, जिथे पाप हिशेबात धरण्याबद्दल बोललं आहे. आणि मग 19 व्या वचनात तो लेखणी स्वतः हातात घेतो, कर्जरोख्यावर सही करावी तसा: मी पौल हे स्वतःच्या हाताने लिहितो, मी फेडीन.